दुसरा कागद

बबीचं काम कोणाला समजावून सांगायचं म्हणजे डोक्याला ताप. ती स्वतः गात नसे, पण तिचा आवाज गात असे. चार वर्षांपूर्वी कंपनीने तिला तीन आठवडे काचेच्या खोलीत बसवून तिच्याकडून हजारो अक्षरं आणि सूर म्हणवून घेतले होते आणि त्यातून संगणकावर एक गाणारी बाई तयार केली होती. कंपनीत त्या बाईला सगळे 'दोन नंबर' म्हणत. शब्द टाकायचे, चाल टाकायची, की दोन नंबर गायला लागलीच. तिला दम लागत नाही, सर्दी होत नाही, आणि दर दोन ओळींनी पाणी लागत नाही. हे सगळं सांभाळण्याचं काम बबीचं. म्हणजे स्वतःच्याच आवाजाची ती कारकून होती.

त्या सोमवारी साहेबांचा निरोप आला. लहान मुलांची बारा गाणी दोन नंबरच्या आवाजात झाली होती, तीच आता पुरुषाच्या आवाजात हवी होती. नवा गायक बोलवायचा नाही, आहे त्याच आवाजाचा पुरुष करायचा.

बाईचा बाप्या करणं वाटतं तितकं सोपं नसतं. नुसता सूर खाली ओढला, तर घसा बसलेली बाई ऐकू येते. गळ्याची नळीही लांब करावी लागते. पडद्यावर त्यासाठी वेगळी पट्टी सरकवायची सोय असते, तिला कंपनीतली मंडळी सरळ 'नळी' म्हणत. मग श्वासाची फुंकर कमी करायची. आणि सगळ्यात शेवटी कागद बदलायचा, कारण आपली भाषा मोठी चोंबडी. तोंडातून 'मी' निघायची खोटी, पुढच्याच शब्दात तुम्ही बाई की पुरुष ते वदवून घेते. म्हणून गाणी लिहून देणारे कविराज प्रत्येक गाण्याचे दोन कागद करत. पहिला 'येते'चा, दुसरा 'येतो'चा.

बबी हे काम घरूनच करायची. दोन वर्षांपूर्वी आईची दृष्टी गेली, तेव्हापासून तिने कंपनीत जाणं सोडलं होतं. तीन खोल्यांत दोघीच. आईचे डोळे गेले तरी कान तिखट होते आणि डोकं खणखणीत. जिन्यातल्या चपलांच्या आवाजावरून ती माणूस ओळखायची. बबीचा तर नुसता उसासा ऐकून विचारायची, "काय गं, काय बिनसलं?" अडतिसाव्या वर्षीही असं कोणीतरी विचारतं, याचं बबीला मनापासून सुख वाटायचं. दुसरं कोणी तसं विचारणारं नव्हतंच.

मंगळवारी दुपारी पहिलं गाणं तयार झालं. जपून ठेवता ठेवता बबीच्या लक्षात आलं, की गळा बदलला, पण कागद पहिलाच राहिला. आता दाढीमिशीवाल्या आवाजात 'मी येते' ऐकू येणार! तिला एकटीलाच हसू फुटलं. दुरुस्त करण्याआधी एकदा गंमत ऐकू या म्हणून तिने ते स्पीकरवर लावलं.

"दार उघड, मी येतो... हात धर, मी येतो..."

बबीचं हसू तोंडातच राहिलं. तिने पडद्यावरचा कागद पाहिला. येते. खालच्या ओळीतही येते. सगळीकडे येतेच. संगणक समोरची अक्षरं वाचतो, त्याला व्याकरण कळत नाही, हे तिच्याइतकं कोणाला माहीत? तिने पुन्हा लावलं. येतो. आवाज मात्र सुरेख होता, मऊ आणि जरासा खर्जातला. इतका जिवंत पुरुष आजवर तिच्या हातून झाला नव्हता.

"कोण आलंय?"

आई दारात उभी होती. हातात अर्धवट घडी घातलेला टॉवेल.

"कोणी नाही, आई. कामाचं आहे."

"परत लाव."

बबीने लावलं. आई मान तिरकी करून ऐकत राहिली.

"हा गळा आपल्या घरातला आहे."

"अगं, माझाच आहे तो. मी फक्त नळी..."

"तुझा नाही." मीठ कमी पडलंय म्हणावं इतक्या सहज आई म्हणाली. मग भिंत चाचपत आत आली आणि पलंगाच्या कडेवर बसली. "तुझ्याआधी सात मिनिटं एक मुलगा झाला होता, बबी. रडला नाही. मी कान टवकारून पडले होते... आणि मग रडणं ऐकू आलं. मला वाटलं, तोच. किती बरं वाटलं म्हणून सांगू. मग नर्स म्हणाली, ही मुलगी आहे."

इतक्या वर्षांत आईने हे कधी काढलं नव्हतं. बबीला भाऊ गेल्याचं दुःख झालं नाही. आपलं पहिलं रडणं दुसऱ्याचं म्हणून ऐकलं गेलं, ते लागलं.

ऐकू 'येतो'च येतंय म्हणून संध्याकाळी तिने गाणं तसंच पाठवून दिलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळीच कविराजांचा फोन.

"अगं बाई, काय पाठवलंयस हे? चांगला भरदार बुवा, आणि 'मी येते' म्हणत लाजतोय!"

"तुम्हाला... 'येते' ऐकू येतंय?"

"मग दुसरं काय येणार? दुसरा कागद लावायला विसरलीस तू. थांब, ऐकवतो."

त्यांनी फोनवर लावलं. येते. बबीने फोन ठेवून आपल्याकडचं लावलं. येतो. तिने मुकाट्याने दुसरा कागद घातला आणि गाणं पुन्हा पाठवून दिलं. कंपनीच्या दृष्टीने विषय संपला.

आईच्या दृष्टीने तो सुरू झाला होता. दुपारची चारची वेळ तिने ठरवूनच टाकली. केस विंचरून, साडी नीट करून ती संगणकापुढच्या खुर्चीत येऊन बसायची. आधी गाणं. मग एक दिवस म्हणाली, "नुसता गातोच कसा? बोलतं कर त्याला."

ते काही अवघड नव्हतं. चाल सपाट ठेवली की गाणाराच बोलतो. बबीने लिहिलं, 'आई, जेवलीस का?' आणि तो मऊ आवाज खोलीत म्हणाला, "आई, जेवलीस का?"

"जेवले रे!" आईचा चेहरा असा उजळला, की बबीला पुढचं लिहिणं भागच पडलं. झोप लागते का, गुडघा दुखतो का. आई हौसेने उत्तरं देत होती. त्या आठवड्यात तिने एक पोळी जास्त खाल्ली. चार शब्द लिहून म्हातारी खूश होत असेल तर काय बिघडलं, असं बबीने स्वतःला समजावलं.

पाचव्या दिवशी बबीचे हात मांडीवर होते. काही लिहिलेलं नव्हतं, स्पीकर गप्प होता. आणि आई म्हणाली, "नाही रे, तो उजवा नाही. डावा दुखतो."

"आई... काय विचारलं त्याने?"

बबीने पुन्हा विचारलं. शेजारच्या घरात भांडं पडल्यावर वळवावी तशी आईने जराशी मान वळवली, आणि परत समोर तोंड करून हसली.

त्यानंतर ते वाढतच गेलं. लाडात आलं की आई पूर्वीही बबीला 'बब्या' म्हणायची, म्हणून सुरुवातीला तिने मनाला लावून घेतलं नव्हतं. आता फक्त 'बब्या'च उरला होता. चहा ठेवू का म्हणून बबीने तीनदा विचारलं तरी आई ढिम्म. चहा पुढ्यात ठेवला की म्हणायची, "ठेवलास होय? शहाणा माझा." उसासे टाकून पाहिले, मुद्दाम, मोठ्याने. काय बिनसलं, असं कोणीही विचारलं नाही.

रविवारी बबीचा धीर सुटला. तिने तो आवाज पुसून टाकला. गाणं, बोलणं, केलेल्या सगळ्या जुळण्या, काही म्हणता काही ठेवलं नाही. नळी सरकवून मूळ जागी आणली आणि दोन नंबर लावली. स्वच्छ तिचाच आवाज आला. "दार उघड, मी येते." बबीने डोळे मिटून घेतले. सुटले एकदाची, असं तिला वाटलं.

"बब्या?" आतून हाक आली. "आलास का रे?"

बबी धावतच गेली. खिडकीतून भरपूर ऊन आत आलं होतं. आई पलंगावर बसून हवेत हात फिरवत होती.

"आले, आई."

"बब्या?"

"आले ना. मी बबी. इथेच आहे."

तिने आईचा हात धरला. आईने तो दचकून मागे घेतला आणि साडीला पुसला. "अरे, बोलत का नाहीस?" तिचा आवाज चिरकायला लागला. "मागच्या वेळीही असाच गप्प राहिलास... एकदा तरी आवाज काढ रे..."

"आई, मी आले... आले गं..."

आईच्या आंधळ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. बबी वाकून तिच्या कानाशी बोलत होती आणि आई तिच्या पलीकडे, रिकाम्या दाराकडे ऐकत होती. आजवर इतकं एकटं बबीला कधीच वाटलं नव्हतं. आईचं ते रडणं तिला बघवेना.

शेवटी बबी पलंगाच्या कडेवर बसली. आवाज जाड केला नाही, खाली नेला नाही. आहे त्याच आपल्या आवाजात ती म्हणाली, "आलो, आई."

आई शांत झाली. वळून तिने नेमका बबीचा हात शोधला आणि दोन्ही हातांत घट्ट धरला.

"कुठे होतास इतका वेळ?"

"इथेच होतो."

"बरं झालं बाबा, आलास." आईने पदराने डोळे पुसले. मग आवाज अगदी खाली आणून तिने विचारलं, "आणि ती बाई गेली का रे? मघापासून कानाशी 'आले, आले' करत होती... कोणाची कोण बिचारी."

"गेली," बबी म्हणाली.