पोथ्या आणि न वाचलेल्या वह्या

आता हे कोडं सोडवा बघू: पोथ्याला अठ्ठावीस लिप्या येत, पापणी लवायच्या आत तो हजार पानं फस्त करी, आणि तरी तो चांगल्या कोरड्याठाक वह्या लगद्याच्या यंत्राकडे ढकलत होता.

पोथ्या म्हणजे नदीकाठच्या वाचनालयातला यंत्रमानव. आठवड्यापूर्वी नदीला असा पूर आला, की एका मगरीनं आत शिरून सभासदत्वाचा अर्ज मागितला म्हणे. पाणी ओसरलं आणि आवराआवर पोथ्याकडे आली.

अकरा वर्षांची जुई कल्याणीआत्याबरोबर दारात पोचली, तेव्हा पहिला गठ्ठा यंत्राच्या तोंडाशी होता. आत्या विद्यापीठात माहितीशास्त्र (माहिती कशी साठते, सापडते आणि समजते याचा अभ्यास) शिकत होती. तिचा सगळा प्रबंध या वह्यांवर उभा राहायचा होता, आणि आज ती त्या पहिल्यांदाच उघडणार होती. साठ वर्षांपूर्वी साक्षरता वर्गातल्या बायकांनी त्यांत पहिली अक्षरं गिरवली होती. जुईची पणजी चंद्राबाई त्यांतलीच. नक्कल कुठेच नव्हती.

आत्यानं विनवलं, दटावलं. पण पोथ्या ऐके फक्त ग्रंथपाल घाटगेकाकांचं, आणि काका तालुक्याला गेलेले, फोन लागेना.

"हुकूम स्पष्ट आहे," पोथ्या म्हणाला. "जी वाचली नाहीत ती लगद्यात टाक. या वह्या कधीच कुणी वाचल्या नाहीत. नोंद कोरी आहे."

जुईला आधी हसू फुटलं, मग ती गठ्ठा आणि यंत्राच्या मधे जाऊन उभी राहिली.

"हे काका कधी म्हणाले? कुठे?"

"पूर ओसरला त्या सकाळी. इथेच, गुडघाभर चिखलात."

"मग चिखलात उभा माणूस काय म्हणत असेल रे, शहाण्या? कुणी वाचली नाहीत ती, की पुरातून वाचली नाहीत ती?"

पोथ्याचे हात थबकले. डोक्यावरचे दिवे असे लुकलुकले, की बाहेरच्या कावळ्यांना दिवाळीच वाटली.

आत्यानं सुटकेचा निःश्वास टाकला. याला संदर्भ (शब्दाभोवतीची माहिती) म्हणतात, तिनं सांगितलं. चंद्राबाईच्या काळी सही करता आली की माणूस साक्षर. पुढे पत्र, पेपर वाचता आला की साक्षर. आता अक्षरं काय, यंत्रंही वाचतात. म्हणून कुणी, कधी, कशासाठी म्हटलंय हे विचारणं, ही आजची साक्षरता.

पोथ्यानं वह्या परत मांडल्या. जुईनं पणजीची उघडली. वाकडीतिकडी एकच ओळ तिनं मोठ्यानं वाचली: 'आज मी माझं नाव वाचलं.'

"म्हणजे ही वही आता वाचली?" पोथ्यानं विचारलं.

"कुठल्या अर्थानं?"

पोथ्या चक्क विचारात पडला.

"दोन्ही," तो म्हणाला, आणि पुढची वही त्यानं हळूच जुईकडे सरकवली.