बोलू शकला असता असा माणूस

पहिल्याच भेटीत त्याने मला गप्प बसवलं.

आणि मला गप्प बसवणं तोवर कुणालाच जमलेलं नव्हतं. बाबा तर म्हणतात, आमची स्वरूपा झोपेतही वाद घालते. त्या दिवशीही मी वाद घालायलाच निघाले होते. नोएडातल्या आमच्या ऑफिसच्या तळघरात एक छोटासा स्टुडिओ आहे. इंग्रजी शिकवणाऱ्या ॲपसाठी मी धडे लिहिते, आणि ते तिथे आवाजात उतरतात. माझं एक वाक्य कुणीतरी परस्पर बदललं होतं. मी तरातरा जिना उतरले, जाडजूड दार ढकललं, तोंड उघडलं...

आत हेडफोन लावलेला एक मुलगा अगदी निश्चल बसला होता. त्याने मान वर केली, ओठांवर बोट ठेवलं आणि डोळ्यांनीच समोरची खुर्ची दाखवली.

मी बसले. का बसले, कोण जाणे! खोलीत काहीच चाललेलं नव्हतं. तो माझ्याकडे पाहत होता खरा, पण ते पाहणं नव्हतंच, ऐकणं होतं. इतकं मन लावून की मला माझ्याच बांगड्यांची धास्ती वाटायला लागली. मी मनगट मुठीत धरलं. कपाळावर आलेली बट मागे सारायचाही धीर होईना.

"थँक यू," शेवटी हेडफोन काढत तो म्हणाला. "रूम रेकॉर्ड कर रहा था."

"आता खोली कशी रेकॉर्ड करतात, कपाळ!" मी पुटपुटले.

"करतात ना," तो चक्क मराठीत म्हणाला आणि हसला. "प्रत्येक खोलीची आपली वेगळी शांतता असते. रेकॉर्डिंग संपलं की एक मिनिट ती घेऊन ठेवायची. दोन वाक्यांच्या मधे जी गॅप पडते ना, तिथे तीच भरायची. नाहीतर ऐकणाऱ्याच्या कानाला ठेच लागते."

"म्हणजे आजच्या शांततेत मी पण आहे?"

"बिल्कुल. दार आदळून आलात, त्यासकट." त्याने पुन्हा हेडफोन चढवले. "परत घ्यावी लागेल. बसता जरा?"

वाक्य कुणी बदललं ते विचारायचं राहूनच गेलं.

त्याचं नाव हेरंब. जन्म दिल्लीचा, वाढला दिल्लीत, त्यामुळे मराठीत हिंदीची फोडणी पडलेली. मी आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढले, म्हणजे माझीही तीच गत. पण आमच्या आईपुढे 'कोहरा' म्हटलं तर मी 'धुकं' म्हणेपर्यंत ती जेवायला वाढत नसे!

नोव्हेंबरात हवा बिघडली, आणि आमच्या धड्यांना आवाज देणाऱ्या बाईंचा घसाही. देवयानी मॅडमनी, म्हणजे आमच्या संपादकांनी, फर्मान काढलं: "स्वरूपा, तुझी वाक्यं तूच वाच." मी नाक मुरडलं. मनातून मात्र... जाऊ दे.

धडा मोठा गमतीचा होता. 'जो', 'जी' लावून कुणाची तरी ओळख करून द्यायची आणि त्याच दमात त्याला काय येतं, त्याने काय करायला हवं, तो कदाचित काय करेल, तेही सांगून टाकायचं. गुपित ठेवू शकेल अशी मैत्रीण. कदाचित उशिरा येईल अशी बस. तुम्ही पाहायलाच हवं असं गाव. इंग्रजीत 'हू' आला की त्याच्या पाठोपाठ 'कॅन', 'माइट', 'शुड', 'मस्ट' यांच्यापैकी कुणीतरी येऊन उभं राहतं, आणि माणसाचा सगळा स्वभावच बदलून जातो. करू शकणारा माणूस वेगळा, ज्याने करायला हवं असा वेगळा, आणि कदाचित करेल असा तर अगदीच वेगळा. त्याच्या नादी लागू नये.

एका संध्याकाळी मी माइकपुढे मुद्दाम एक वाक्य घुसडलं. मला असा सहकारी हवा आहे, जो चहा करू शकेल.

काचेपलीकडून त्याचा आवाज आला, "हे स्क्रिप्टमध्ये नाहीये."

"आत्ता घातलं."

"आणि सहकाऱ्याला चहा येत नसेल तर?"

"तर तो असा सहकारी आहे, ज्याने शिकायला हवं. पुढचं उदाहरण तेच आहे."

दुसऱ्या दिवशी तो घरून थर्मास घेऊन आला. आलं इतकं ठेचून घातलं होतं की माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"कसा झालाय?" त्याने काळजीने विचारलं.

"अजून शिकू शकेल असा माणूस आहेस तू," मी म्हटलं आणि कप पुढे केला. "दे आणखी."

मग तो रोज मला बोटॅनिकल गार्डनच्या मेट्रोपर्यंत सोडायला यायला लागला. वाटेत शेंगावाल्याकडून गरम शेंगा घ्यायच्या, सोलून एकमेकांच्या हातावर ठेवायच्या. तो सोललेले सगळे दाणे मलाच द्यायचा, स्वतः रिकामी फोलं मुठीत धरून चालायचा. बोलायचे ते मीच. तो ऐकायचा — तसाच, पहिल्या दिवशीसारखा. आणि दिवसभराच्या कामानंतर रोज ते एक मिनिट असायचं. दोघांनी समोरासमोर बसायचं, हलायचं नाही, बोलायचं नाही. मला त्या मिनिटाची सकाळपासून ओढ लागायची. खरं सांगते, त्या मिनिटात त्याने माझ्याशी जेवढं बोलून घेतलं तेवढं आजवर कुणी बोललेलं नाही.

"हुरहूर म्हणजे काय गं?" एकदा फलाटावर त्याने विचारलं. "आई फोनवर कुणाला तरी म्हणत होती."

"ते सांगता येत नाही."

"ट्राय तर कर, यार."

"काहीतरी होणार असतं... किंवा होऊन गेलेलं असतं... आणि जीव कुठे लागत नाही."

तो विचारात पडला. गाडी आली. दार मिटता मिटता तो म्हणाला, "म्हणजे तुझी मेट्रो गेल्यावर होतं ते!"

त्या संध्याकाळी यमुनेवरून जाताना खिडकीबाहेर काहीच दिसत नव्हतं, नुसतं पांढरं धुकं. मी त्या धुक्याकडे पाहून खुळ्यासारखी हसत होते.

पण घरात वेगळंच वारं वाहत होतं. बाबा जानेवारीअखेर निवृत्त होणार होते. मग क्वार्टर सोडायचं आणि नाशिकला जायचं; तिथला फ्लॅट तयार होता. आई भांड्यांना कागद गुंडाळायलाही लागली होती. मी बरोबर जाणार हे सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. धडे काय, नाशिकला बसूनही लिहिता येतात. मला दिल्ली सोडायची नव्हती. पण दिल्ली म्हणजे मला नक्की काय हवं होतं, हे आईबाबांना कोणत्या तोंडाने सांगणार? ज्याच्याबद्दल सांगायचं, त्यानेच अजून मला काही विचारलं नव्हतं.

मी हेरंबला सांगितलं. शेंगा सोलणारे त्याचे हात थांबले.

"अच्छा," तो म्हणाला. मग हातातली शेंग फोडत, "बघू या... होईल काहीतरी."

बघू या! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. इतके दिवस ज्याच्यासाठी जीव टाकला, त्याच्याकडे माझ्यासाठी एवढाच शब्द होता?

दुसऱ्या दिवशी धड्याचा शेवटचा भाग होता. मी उदाहरण लिहून नेलं होतं आणि त्याच्याकडे न बघता, खणखणीत वाचलं. हा तो माणूस आहे, जो बोलू शकला असता.

काचेपलीकडे त्याने रेकॉर्डिंग थांबवलं. मग, "परत एकदा. आवाज चढलाय."

मी परत वाचलं.

"आता... थरथरतोय."

"मग थरथरू दे!" मी म्हटलं. "तसाच ठेव."

त्याने तसाच ठेवला. मग ते मिनिट सुरू झालं. मी समोर बसले आणि माझे डोळे भरून आले. पुसायला हात उचलला असता तर बाहीचा आवाज आला असता, म्हणून तसंच गालावरून वाहू दिलं. तो पाहत होता. त्याचे ओठ एकदा उघडले आणि मिटले. मिनिट संपताच मी पर्स उचलली आणि निघाले. त्याने हाक मारली की नाही, ते मी थांबून ऐकलंच नाही.

संक्रांतीला आमचं मराठी मंडळ बसने पानिपतला जातं, तिथल्या काला अंब या युद्धस्मारकाशी. तिथे लढून गेलेल्यांना नमस्कार करायचा, दोन मिनिटं शांत उभं राहायचं, तिळगूळ वाटायचा. बाबांचं हे दिल्लीतलं शेवटचं वर्ष, म्हणून सगळी तयारी त्यांनी अंगावर घेतलेली. पहाटेच्या धुक्यात मी बसजवळ पोचले, तर दाराशी मफलर गुंडाळून, स्पीकरचा खोका छातीशी धरून हेरंब उभा!

"तू इथे कसा?"

"तूच म्हणाली होतीस ना, दर वर्षी माइक खरखरतो," तो खाली बघत म्हणाला. "मंडळाच्या नंबरवर फोन केला. काकांनी उचलला."

बाबा मागून ओरडले, "स्वरूपा, मोठा गुणी मुलगा आहे हा! एक पैसा घेत नाहीये!"

मी जाऊन खिडकीशी बसले. बाहेर मोहरीची शेतं धुक्यातून वर येत होती आणि पुन्हा बुडत होती. पुढच्या सीटवर त्याचा मफलर दिसत होता. रागावलेलं राहायचं म्हणून मी डोळे मिटून घेतले, तर आतही तोच.

काला अंबला ऊन नव्हतंच. जुन्या आंब्याच्या जागी उभारलेला स्तंभ, भोवतीचं लोखंडी कुंपण, सगळं धुक्यात तरंगत होतं. बाबा दोन शब्द बोलले. माइक खरखरला नाही. मग सगळे हात जोडून शांत उभे राहिले. मी मान खाली घालून डोळे मिटले. इथून घरी न परतलेल्यांची वाट पाहत कुणीतरी दूर बसलं असेल... त्यांना काय काय सांगायचं राहून गेलं असेल, असं मनात आलं आणि माझा राग कुठल्या कुठे गेला. मी तरी कुठे बोलले होते? त्याच्या 'बघू या'वर चिडले. पण मला काय हवंय ते मी उदाहरणांआडूनच सांगत राहिले होते.

डोळे उघडले तेव्हा शांतता कधीच संपली होती. माणसं डब्यांकडे वळली होती, हसत होती. हेरंब मात्र समोर तसाच उभा होता. हलत नव्हता, बोलत नव्हता. माझ्याकडे बघून ऐकत होता.

"मी नाशिकला जाणार नाहीये," मी म्हटलं. "नोएडात खोली बघेन, इथेच राहीन. आईबाबांना आज संध्याकाळी सांगणार आहे. तू थांब म्हणालास तरी राहणार, नाही म्हणालास तरी राहणार. पण... तू म्हणावंस असं मला फार वाटतं, हेरंब."

त्याने एक खोल श्वास घेतला.

"तेच तर अडलं होतं गं," तो हळूच म्हणाला. "मी थांब म्हणालो असतो आणि तू माझ्यासाठी आईबाबांना सोडलं असतंस, तर? उद्या त्यांची आठवण येऊन रडली असतीस, तर मी कुठे तोंड लपवलं असतं? म्हणून जीभ उचलेना. आता तू तुझी तू थांबतेयस..."

"मग?"

"मग आता बोलू शकतो."

"शकतो?" मी भुवया उंचावल्या.

"बोलतो, यार, बोलतो!" तो हसला, पण त्याचे डोळे ओले होते. "मला तू आवडतेस. दार आदळून आलीस ना, तेव्हापासून. तू नसलीस की ती खोली नुसती खोली असते. थांब, स्वरूपा. माझ्यासाठी पण थांब."

त्याने हात पुढे केला. गार पडलेला हात होता. मी तो दोन्ही हातांत धरला, आणि माझ्या बांगड्या किणकिणल्या. या वेळी वाजू दिल्या.

"अरे, तुम्ही दोघं इकडे काय करताय?" धुक्यातून बाबा तिळगुळाचा डबा घेऊन आले. आम्ही हात सोडले; फार चपळाईने नाही. बाबांनी आधी त्याच्या हातावर लाडू ठेवला, मग माझ्या. "घ्या. तिळगूळ घ्या आणि गोड बोला!"

"काका," हेरंब लाडू तळहातावर तसाच धरून म्हणाला, "आत्ताच बोललो."

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "काय गं? काय बोलला हा?"

आणि मी, कुणी ओठांवर बोटही ठेवलं नसताना, गप्प बसले.