ऐकू आलं की बोट वर

आजोबांनी बोट वर केलं आणि ती चमकली. तिनं अजून कळ दाबलीच नव्हती.

"आजोबा, आवाज ऐकू आला तरच बोट वर करायचं हं," ती माइकमधून म्हणाली.

काचेच्या बंद खोलीत, कानाला हेडफोन लावून बसलेले आजोबा दुखावले. "आला की! चांगला फट्... फट्... फट्... असा आला."

मग तिलाही तो ऐकू आला. मागच्या भिंतीपलीकडून येत होता. कान तपासण्याचं केंद्र आणि त्याच्या पाठीला पाठ लावून इंजिनांचं वर्कशॉप, अशी सोयरीक ज्या घरमालकानं जुळवली, त्याचेच कान आधी तपासायला हवे होते. तिला या नोकरीला लागून जेमतेम आठ दिवस झाले होते आणि आज तिसऱ्यांदा तपासणी बिघडली होती. तिनं आजोबांना चहा दिला, छत्री उचलली आणि भांडणाची वाक्यं जुळवत ती कोपऱ्यावरून मागच्या अंगणात शिरली.

अंगणात भुरभुर पाऊस होता. आणि तिच्या गुडघ्याएवढ्या उंचीच्या एका मोटरसायकलवर बसून एक लांबलचक माणूस गोल गोल फिरत होता. गुडघे कानाला टेकलेले, चेहरा मात्र एकदम गंभीर.

"अहो!" तिनं हाक मारली. "अहो, ऐकताय का? ...अहो!"

तो फिरतच राहिला. शेवटी ती छत्रीसकट आडवी उभी राहिली, तेव्हा कुठे ब्रेक लागला.

"दचकलो ना! हाक तरी मारायची."

"तीन मारल्या."

"मग चौथी मारायची," तो हसला. "चौथी मी चुकवत नाही."

जुळवलेली वाक्यं तिथंच विस्कटली. तिनं कसाबसा राग गोळा केला. "हे काय चाललंय?"

"हे? हे मागच्या जन्मी गवत कापायचं." त्यानं इंजिनावर प्रेमानं थाप मारली. "आता मोटरसायकल झालंय."

"त्याचा पुनर्जन्म माझ्या पेशंटच्या कानात होतोय! अकरा ते एक माझ्या तपासण्या असतात. तेवढा वेळ मला शांतता हवी."

तो तिच्या तोंडाकडे एकटक बघत ऐकत होता. इतकं लक्ष देऊन तिचं बोलणं आजवर कोणी ऐकलं नव्हतं. मग त्यानं खडू घेतला आणि पत्र्याच्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहिलं... ११ ते १ मौन.

मागच्या घराच्या दारात त्याची आई उभी होती. ती तिथूनच डोंगरावरून हाक मारावी तशी ओरडली, "बाई, याला दोन तास गप्प बसवलंत? मला तीस वर्षांत जमलं नाही!"

त्याला सगळे फटफट म्हणत. तो कार्ड देई, त्यावरही तेच छापलेलं. तिचं नाव त्यानं परस्पर तपासणीबाई ठेवलं आणि तिनं ते का चालवून घेतलं, हे तिचं तिलाच ठाऊक.

एक वाजला की ती पुढच्या दारानं न जाता मागच्या अंगणातून घरी जाऊ लागली. तो रस्ता जवळचा पडतो, असं ती सांगे. खरं तर तो चांगला दोनशे पावलं लांबचा होता. ताकाला जाऊन भांडं लपवायचं म्हटलं की माणूस पावलं मोजत नाही.

फटफटच्या फळीवर इंजिनांची रांग होती. एक फवारणीच्या पंपाचं, एक झाडं कापायच्या करवतीचं, दोन-तीन जुन्या मोपेडची. सगळी लोकांनी टाकून दिलेली.

"लोक म्हणतात, गेलं," तो सांगे. "मी म्हणतो, काम गेलंय, जीव नाही गेला. चाकांवर बसवलं की पुन्हा धावतं."

त्याच्याकडून तिला बरंच काही कळलं. या इंजिनांना वेगळं ऑईल नसतं, ते पेट्रोलमध्येच मिसळायचं. कार्बोरेटरचा एक छोटा स्क्रू असतो, त्यावर पेट्रोल किती जाणार ते ठरतं. पेट्रोल जास्त झालं तर इंजिन अडखळतं. कमी झालं तर झकास पळतं... आणि पळता पळता तापून पिस्टन जाम होतो.

"मग नेमकं किती, ते कसं कळतं?"

"कानानं." तो एकदम गंभीर झाला. "वडील म्हणायचे, इंजिन डोळे मिटून लावायचं. ते स्वतः सांगतं, बस्स."

तो खरंच डोळे मिटून स्क्रू फिरवी. मान जरा कललेली, हनुवटीवर ऑईलचा डाग. अशा वेळी त्याच्याकडे मनसोक्त बघता येई आणि ती बघे. तिला तो आवडला होता. इतकी साधी गोष्ट, पण ती स्वतःशी कबूल करायला तिला दोन आठवडे लागले.

अडचण वेगळीच होती. शहराबाहेरच्या एका खेळाच्या मैदानासाठी त्याला सहा छोट्या गाड्या बनवायच्या होत्या. मुलांनी बसून गोल चकरा मारायच्या, तशा कार्ट. एवढं मोठं काम त्याला पहिल्यांदाच मिळालं होतं आणि एकामागून एक तीन इंजिनं जाम झाली होती. त्यानं आधी ऑईलला दोष दिला, मग पेट्रोलला, मग स्वतःच्या ग्रहांना. मैदानवाल्यानं निरोप धाडला, रविवारी एक गाडी तासभर न थांबता चालवून दाखवा, नाहीतर काम दुसरीकडे देतो.

"आता त्या ताकदीचं हाताशी एकच उरलंय," फटफट म्हणाला. त्यानं फडक्यात गुंडाळलेलं इंजिन पुढे ठेवलं. "वडिलांच्या मोपेडचं. याला मला हात लावायचा नव्हता."

त्यानं ते कार्टवर चढवलं, सुरू केलं, डोळे मिटले. स्क्रू थोडा फिरला... अजून थोडा. अडखळणं थांबलं. मग त्या फटफटाटाच्या वर तिला एक बारीक, कोरडा आवाज ऐकू आला, पत्र्यावर सुई ओढल्यासारखा.

"हा बारीक आवाज कसला?"

"कसला?" त्यानं डोळे उघडले. "मस्त चाललंय की!" आणि त्यानं स्क्रू आणखी फिरवला.

तिला एकेक आठवलं. न ऐकलेल्या तीन हाका. आईचं ते ओरडून बोलणं. आणि त्याचं तिच्या ओठांकडे एकटक बघणं... तिनं त्याचा भलताच अर्थ लावला होता आणि त्या अर्थापायी कितीतरी दिवस झोप घालवली होती. बिचारा शब्द ओळखत होता. ती झटकन पुढे झाली आणि तिनं इंजिन बंद केलं.

"तुम्हाला तो आवाज येत नाही," ती म्हणाली. "म्हणून इंजिनं जाम होतायत. ऑईल नाही, पेट्रोल नाही... तुमचे कान."

"म्हणजे मी बहिरा?"

"नाही हो. जाड आवाज येतात, बारीक गेलेत. या कामात होतं असं. एकदा तपासून—"

"पंधरा वर्षं कानावर पोट भरतोय मी!" त्यानं पाना फळीवर आपटला. "तुमचं काय जातं? तुम्हाला एक पेशंट मिळाला."

ती निघाली. डोळे भरून आले होते, पण ते तिनं छत्रीखाली झाकले.

पुढचे दोन दिवस भिंतीपलीकडून हूं की चूं नाही. एक वाजून गेल्यावरही नाही. तपासण्या इतक्या बिनचूक कधीच झाल्या नव्हत्या आणि तिचं मात्र कशातच लक्ष नव्हतं. ती शांतता तिनंच मागून घेतली होती.

शनिवारी शेवटचा पेशंट आला, त्यानं भांग पाडला होता आणि धुतलेला शर्ट घातला होता.

"आईनं पाठवलं," फटफट दारातच म्हणाला. मग खाली बघून, "...नाही. मीच आलो. त्या दिवशी वाईट बोललो."

"बसा," ती म्हणाली. आवाज स्थिर ठेवायला तिला कष्ट पडले. "ऐकू आलं की बोट वर. अगदी हळू आला तरी."

त्यानं हेडफोन लावले आणि सवयीनं डोळे मिटले. जाड आवाजांना बोट लगेच वर गेलं. मधल्यांनाही गेलं. मग तिनं बारीक आवाजाची कळ दाबली. बोट गुडघ्यावरच राहिलं. तिनं आवाज वाढवला, आणखी वाढवला. काचेपलीकडे तो मान कलती करून, ओठांवर हलकं हसू ठेवून वाट बघत होता आणि आवाज येऊन गेलेला होता. तिला ते बघवेना. तरी तिनं तपासणी पुरी केली.

कागदावरची रेघ बराच वेळ सरळ चालत होती आणि मग खाली कोसळली होती. तो त्या रेघेवरून बोट फिरवत राहिला.

"वडिलांचंही असंच झालं असणार," तो हळू म्हणाला. "शेवटी शेवटी आई त्यांच्यावर सारखी ओरडायची. आम्हाला वाटायचं, तिचा स्वभावच चिडका." मग त्यानं विचारलं, "परत येईल?"

"गेलेलं नाही येणार. आहे ते जपता येईल." तिनं कपाटातून कान झाकायचे जाड मफ काढून त्याच्यापुढे ठेवले. "इंजिन चालू असलं की हे घालायचे. कायम."

"हे घातल्यावर स्क्रू कोण फिरवणार?"

"तुम्हीच. तुमचे हात चांगले आहेत."

"आणि ऐकणार कोण?"

ती कागद नीट लावत बसली. ते आधीच नीट लावलेले होते. "रविवारी..." ती म्हणाली, "मला सुट्टी असते."

रविवारी सकाळी कार्ट अंगणाच्या मधोमध उभी होती. तो मफ लावून इंजिनाशी वाकला, ती चार हात लांब उभी राहिली. त्यानं आदल्या दिवशीचाच नियम ठेवला होता. बारीक आवाज आला की तिनं बोट वर करायचं, मग त्यानं स्क्रू मागे घ्यायचा. आता डोळे मिटून चालणार नव्हतं, तिच्याकडे बघावंच लागत होतं. स्क्रू फिरला, फिरला... तिचं बोट वर गेलं. तो तिळभर मागे आला. बोट खाली. त्यानं भुवया उंचावून विचारलं. तिनं मान हलवली. बस्स.

मैदानावर वडिलांचं इंजिन तासभर चाललं, वर दहा मिनिटं जास्त. मैदानवाला म्हणाला, "उरलेल्या पाच कधी देता?"

परत आल्यावर फटफटनं अंगणात इंजिन पुन्हा सुरू केलं.

"आता कशाला?" तिनं खुणेनं विचारलं.

"एकदा बघून घेऊ," तो म्हणाला, मफ लावले आणि स्क्रूवर वाकला. बराच वेळ वाकलेलाच राहिला. इंजिन धडधडत होतं, आणि त्या धडधडीत त्याचे ओठ हलले.

तिचं बोट वर गेलं.

त्यानं वर पाहिलं आणि गोंधळला. "मी स्क्रू हलवलाच नाही!"

"ऐकू आलं की बोट वर!" ती ओरडली. तिचे कान लाल झाले होते.

त्यानं घाईनं इंजिन बंद केलं, मफ काढले. "सगळं... ऐकू आलं?"

"'हिनं रोज याच अंगणातून जावं... नाही, जाऊच नये, इथंच राहावं.' एवढं आलं. मफ लावून बोललं की आवाज चढतो. पुढचं पुटपुटलास." ती कधी तू म्हणाली, ते दोघांच्याही लक्षात आलं नाही.

तो तिच्या खांद्यावरून पलीकडे बघत होता. तिनं मागे वळून पाहिलं. घराच्या दारात आई उभी होती आणि तिचंही बोट वर होतं.

"आई, आत जा गं!"

"जाते. पण उत्तर मोठ्यानं द्या!" म्हणत आई आत गेली. दार तिनं उघडंच ठेवलं.

फटफट हातातलं फडकं पिळत उभा होता. त्याची नजर पुन्हा तिच्या ओठांवर गेली. तेव्हा ती जवळ आली, शब्द ओठांवरून ओळखता येऊ नये म्हणून तपासणीत झाकते तसे हातानं ओठ झाकले आणि अगदी हळू, आवाज जरा जाड करून, एकच शब्द म्हणाली.

ऑईलनं काळं झालेलं त्याचं बोट वर गेलं.