उलटा डायोड

मास्तरांच्या दुकानातून दुरुस्त होऊन गेलेलं काम कधी परत येत नाही, अशी साऱ्या बाजारात ख्याती होती. त्यामुळे भर दुपारी गेमहॉलवाल्याने ते जुनं पिनबॉल मशीन हातगाडीवरून पुन्हा दारात आणलं, तेव्हा मास्तरांच्या लेकीला चारचौघांत नाक कापल्यासारखं झालं. मास्तर वारले आणि दुकान लेकीकडे आलं, त्याआधी त्यांनी हातावेगळं केलेलं हे शेवटचं काम.

हॉलवाल्याचं गाऱ्हाणं असं की चेंडू एकीकडे असतो आणि गुण भलतीकडेच पडतात. गिऱ्हाईक बिचकतं. आज नीट झालं नाही तर तो ते भंगारात देणार होता. मग आवाज खाली आणून त्याने विचारलं, "ताई, यात भूत आहे का हो?"

"आहे. आमच्या धंद्यात त्याला भूतच म्हणतात," ती म्हणाली. "संध्याकाळी या, काढून ठेवते."

ती थापा मारत नव्हती. चेंडू ज्यांवर आपटतो त्या प्रत्येक बटणामागे एक डायोड असतो, तांदळाच्या दाण्याएवढा, काळ्या अंगावर पांढरी पट्टी असलेला. वीज त्यातून एकाच दिशेने जाते. तो बिघडला किंवा उलटा बसला की वीज चोरवाटेने फिरते आणि न दाबलेलं बटण दाबल्यासारखं होतं. तेच भूत.

तिने बोर्ड टेबलावर घेतला आणि एकेका डायोडला मीटर लावलं. एकाची पट्टी उलटी निघाली. त्याचा सोल्डरचा जोड पाहिला मात्र, तिचा हात थांबला. मोहरीएवढा, चकचकीत, डावीकडे किंचित झुकलेला. मास्तर डावखुरे होते आणि असा जोड बाजारात दुसरं कोणी घालत नसे. साऱ्या दुनियेला 'आधी पट्टी बघ' म्हणून शिकवणाऱ्या माणसाला शेवटी शेवटी पट्टीच दिसत नव्हती. तिला फार वाईट वाटलं. हे कोणाला कळता कामा नये, असं ठरवून तिने डायोड फिरवून बसवला आणि हात धुवायला मागे गेली.

परत येऊन मशीन चालू केलं, तर भूत जागच्या जागी. डायोड पुन्हा उलटा.

आपल्याच हातून चुकलं असेल, असं म्हणत तिने तो पुन्हा काढला, पुन्हा बसवला. इस्त्रीवालीने रस्त्यावरून काहीतरी विचारलं म्हणून तिने क्षणभर मान वळवली. मान परत फिरवते तो सोल्डर करताना येतो तसा राळेचा ताजा वास. पट्टी उलटी, जोड डावीकडे झुकलेला. तिने बोट लावलं. चटका बसला. तिच्या सोल्डरिंग गनचा प्लग तर केव्हाच काढलेला होता.

दुसरं कोणी असतं तर शटर पाडून पळालं असतं. तिच्याही पाठीतून थंडी गेली, पण खरं सांगायचं तर त्या थंडीतही तिला अभिमान वाटला. माणूस गेला, पण हातातलं काम सोडलं नाही. आणि जोड अजूनही तिच्यापेक्षा सरस.

"बाबा..." ती हळूच म्हणाली. "जोड तुमचाच चांगला. पण पट्टी उलटी आहे..."

 मशीनची बारीक घरघर थांबली.

"माझं ऐकू नका... मीटरला विचारा."

मीटरच्या तारांचे दोन्ही चिमटे तिने डायोडला लावून ठेवले आणि दुकानाकडे पाठ करून उन्हात उभी राहिली. मास्तरांनी आपली चूक कधी कोणासमोर कबूल केली नव्हती. मोडेन पण वाकणार नाही, असा माणूस.

बऱ्याच वेळाने ती आत आली. डायोड सुलटा होता. जोड डावीकडे झुकलेला. चेंडू जिथे आपटेल तिथेच गुण पडत होते आणि भलतीकडचा एक दिवासुद्धा लागत नव्हता. तिचे डोळे भरून आले. बापाने उभ्या जन्मात कोणाचं ऐकलं नव्हतं, मेल्यावर ऐकलं ते लेकीचं. संध्याकाळी हॉलवाल्याने कौतुक केलं, तेव्हा ती ताठ मानेने म्हणाली की काम मास्तरांचंच आहे.

सकाळी तिने दुकान उघडलं. गिऱ्हाइकांना द्यायला तयार असलेले तिचे स्वतःचे बोर्ड फळीवरून उतरून टेबलावर ओळीने मांडलेले होते. प्रत्येकातल्या एका जोडावर ओरखडा काढून खूण केलेली.

पहिला तिने मीटरवर तपासला. जोड खरंच कच्चा होता. दुसऱ्यातही तिचीच चूक. कान लाल झाले, पण तिने दोन्ही मुकाट्याने नीट केले. तिसरा मात्र फिरफिरून मोजला तरी चोख निघाला.

तेवढ्यात मानेवर कोणाचा तरी ऊन श्वास लागला. ती वळली नाही.

"हा बरोबर आहे, बाबा..." ती म्हणाली. "इथे माझी चूक नाही..."

 टेबलावरच्या दिव्याची मान हळूहळू खाली वाकू लागली, तिच्या हातांच्या अगदी जवळ, स्वतः बघितल्याशिवाय विश्वास न ठेवणारा माणूस ओढून घेतो तशी. तिने हात मागे घेतले नाहीत.