चेरीच्या दस्त्यावरची काजळी

तीन चाप समोर मांडून वेंडेल थेअर आठवडाभर नुसता बसून होता. चाप म्हणजे चकमकीच्या बंदुकीचं काळीजच. पोलादाची पट्टी, तिच्यावर चकमक धरणारा घोडा आणि शेजारी दारूची इवलीशी वाटी. पहिला चाप इंग्लिश, गोल पाठीचा. दुसराही इंग्लिशच, पण सपाट आणि वाटीला आधाराचा पूल असलेला. तिसरा फ्रेंच, जुन्या धाटणीचा, लांब वाकड्या शेपटीचा. तो आल्यावर एकदा उघडून पाहिला होता आणि परत तेलकट कागदात बांधून ठेवला होता. चाळीस वर्षं कारखान्यात लेथवर केसाएवढी फटही मोजून काढणारा माणूस, पण या तिघांपुढे त्याची मती गुंग झाली होती.

कारण दस्ता, म्हणजे बंदुकीचा लाकडी भाग, लॉर्नाचा होता. लॉर्ना त्याची बायको. लोखंड आणि पितळ त्याचं, लाकूड तिचं, अशी दोघांची वाटणी. सतराशे पन्नासच्या सुमाराला खेड्यातल्या एखाद्या लोहारानं केली असती तशी बंदूक तिनं स्वतःसाठी करायला घेतली होती. चेरीचं लाकूड कोरून झालं, घासून झालं, नळीही बसली. चापाची जागा तेवढी कोरी राहिली आणि ऑक्टोबरात ती गेली. कुठला चाप लावायचा हे सांगायचं राहूनच गेलं. एकदा पटाशी चालली की लाकूड परत येत नाही, आणि तिच्या हातचं दुसरं लाकूड आता कुठून आणणार?

मार्चचा चिखल तुडवत ॲन्सेल व्हिटकॉम आला. मे महिन्यात जुन्या काळचे कपडे घालून मंडळी नदीकाठी शिबिराला जमत, त्यांच्या बंदुका त्या काळाला धरून आहेत की नाहीत हे ॲन्सेल बघायचा. त्यामुळे त्याचं नाक जरा वरच असायचं.

"काय रे, अजून अंडीच उबवतोयस?"

"गोल पाठीचा लावीन म्हणतो. सालात बसतो."

"आणि तो पुलवाला?"

"तो वीस वर्षं पुढचा. तो लावला तर तू मला फाटकातूनच हाकलशील."

"हाकलीनच! अरे, लॉर्नानं तर माझ्याआधी हाकललं असतं." ॲन्सेल हसला आणि मग एकदम ओशाळला. "ती काय म्हणायची चापाबद्दल?"

"म्हणायची, लाकडाला विचारते."

"मग तूही विचार, बाबा," ॲन्सेल म्हणाला. मेपलच्या पाकाची बाटली टेबलावर ठेवून तो निघून गेला. वेंडेलला त्याचा राग आला. लाकूड कधी कुणाशी बोललंय का?

दुपारी त्यानं मन घट्ट केलं. दिव्याच्या ज्योतीवर गोल पाठीचा चाप धरला, पट्टी काजळीनं काळी केली आणि दस्त्यावर दाबली. चाप बसवायची रीतच ही. लोखंड जिथं अडतं तिथं लाकडावर काळं उमटतं. जिथं काळं दिसेल तिथून कागदासारखी पातळ ढलपी काढायची, पुन्हा काजळी, पुन्हा दाबायचं. महिनाभर हेच. काळं उमटायचं थांबलं की बसला चाप. त्या दिवशी नुसती बाहेरची रेघ उठली. उद्या कोरू म्हणून त्यानं हात धुतले.

सकाळी कॉफीचा मग घेऊन तो कार्यशाळेत आला. रेघ तिथंच होती, पण ती गोल पाठीच्या चापाची नव्हती. मागची शेपूट लांब होती आणि खाली वाकलेली.

आपलाच हात हलला असेल, असं त्यानं स्वतःला समजावलं. मग मापक घेतला आणि मोजलं. नंतर तेलकट कागदाची गाठ सोडून फ्रेंच चाप काढला आणि तोही मोजला. केसाचाही फरक नव्हता. चाप मात्र तेलानं लखलखत होता, काजळीचा एक कणही त्याला लागलेला नव्हता.

बरोबरच होतं म्हणा. त्या काळी मोडकी बंदूक कोण टाकून देत होतं? जुना चाप काढायचा आणि नव्या लाकडात बसवायचा. बंदूक सतराशे पन्नासची, चाप सतराशे वीसचा. वेंडेलनं सालाला साल जुळवलं होतं, तीच त्याची चूक. लॉर्नाच्या ती एका नजरेत लक्षात आली असती.

त्यानं पटाशी उचलली.

त्यानंतर रोज सकाळी लाकडावर नवे डाग असत. त्यानं दिवा स्वयंपाकघरात नेऊन ठेवला, तरी असत. कार्यशाळेला कुलूप लावलं, तरी असत. दहाव्या दिवशी डागाशेजारी अंगठ्याचा ठसा सापडला. लहानसा, मधोमध तिरकी चीर. बावीस वर्षांपूर्वी करवतीनं लॉर्नाच्या अंगठ्याला ती चीर पडली तेव्हा दवाखान्यात वेंडेलच तिला घेऊन गेला होता. तो खुर्चीवर बसला आणि लहान मुलासारखा रडला. भीती वाटायला हवी होती, पण कित्येक महिन्यांनी त्याला भूक लागली. घरात जाऊन त्यानं डबाभर राजमा गरम करून पावाबरोबर खाल्ला.

मग तो बोलायलाही लागला. "इथं अजून काढू का गं? बास? तू म्हणशील तसं." उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी लाकडावर मिळायचं. माणसाला आणखी काय हवं?

एप्रिलच्या मध्याला एका सकाळी त्यानं फ्रेंच चाप खाचेत ठेवला आणि अंगठ्यानं दाबला. चाप आत गेला. लाकूड आणि लोखंड यांच्यामध्ये सिगारेटचा कागदही सरकेना. इतकं नेमकं काम त्याच्या हातून जन्मात झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी लाकूड स्वच्छ होतं.

तिसऱ्या दिवशीही.

ॲन्सेल येऊन बघून गेला. बोटानं कड चाचपत म्हणाला, "वेंडेल, अरे, हे लॉर्नाच्या तोडीचं झालंय. आता तेल लाव आणि सुखानं झोप." झोप कुठली यायला! बारा दिवस वेंडेल रोज सकाळी जाऊन कोरं लाकूड बघत होता. आपणच काम संपवलं, आपणच तिला वाट मोकळी करून दिली, हे त्याला खात होतं. थोडं हळू करता आलं नसतं का?

तेराव्या दिवशी भर दुपारी त्यानं तो पुलवाला चाप घेतला. वीस वर्षं पुढचा. तो फ्रेंच खाचेवर आडवा ठेवला, कडेनं पेन्सिल फिरवली आणि पटाशी लावली. पहिली ढलपी निघाली तेव्हा त्याच्या तोंडून हुंदका फुटला. तरी हात थांबला नाही. तिनं गोल केलेली कड गेली. तिनं घासलेला चेरीचा तांबूस गाल गेला.

"बघ," तो मोठ्यानं म्हणाला. "बघ कसा वाटोळं करतोय. चीड की! ये आणि दाखव कुठं चुकलं ते."

संध्याकाळपर्यंत दस्ता कुणाच्याही कामाचा उरला नाही. भुसा झाडायचंही त्याला सुचलं नाही. तो घरात गेला आणि कपड्यांनिशीच पलंगावर आडवा झाला.

सकाळी अनवाणीच तो कार्यशाळेत गेला. कापलेलं लाकूड फिकट पिवळं पडलं होतं. त्यानं ते उजेडात धरलं, उलटंसुलटं केलं, खाचेत बोट घालून पाहिलं.

काळं कुठंच नव्हतं.

तो परत आला. न्हाणीघरात तोंडावर पाणी मारलं आणि ओला सदरा काढला.

आरशात त्याला ते दिसलं.

डाव्या छातीवर, काळजाच्या जागी, चंद्रकोरीसारखा काळा डाग होता. दुसरा गळ्याशी. तिसरा मनगटाच्या आतल्या बाजूला, शीर दिसते तिथं. तिन्हींच्या कडा रेखीव होत्या, तिच्या कामात असायच्या तशा. त्यानं बोट टेकवलं. बोटाला काजळी लागली.

म्हणजे तिच्यापाशी जायला आपण अजून कुठं कुठं अडतोय, ते तिनं बघून ठेवलं होतं.

"इतकंच ना?" वेंडेल म्हणाला. त्याचा आवाज कापत होता, आनंदानं.

त्यानं कोरडा सदरा घेतला. डाग पुसले जाऊ नयेत म्हणून कापड अंगापासून दूर धरून, एकेक बटण सावकाश लावलं.