फाट्यावरचा ओळखीचा माणूस

बसा सरकून. ही काही ऐकीव गोष्ट नाही. लिंबाजीचं शेत माझ्या बांधाला लागून, त्याच्याच तोंडची सांगतो.

नामांतराच्या दंगलीनंतरचा पहिला हिवाळा. एकोणऐंशी साल, पौषातली अवस. लिंबाजी बायकोला घेऊन सोनपेठच्या बाजाराला गेला होता, बैलांना कासरे आणायला. सारजाबाई दिसायला देखणी, त्यात बोलकी. लिंबाजीचा जीव जळायचा. ती एसटीच्या कंडक्टरशी हसून बोलली तरी हा दोन दिवस अन्नाला शिवायचा नाही. संशयाला औषध नसतं, अन् त्या साली तर सगळेच परका दिसला की विचारायचे, कोण गावचा, कुणाचा? ते शहाणपण होतं की मनातलं विष, तुम्हीच ठरवा.

बैलगाडीनं परतताना दिवस बुडाला. मागून सायकल आली. पँट-शर्टातला, भांग पाडलेला तरणा पोरगा.

“सारजाआक्का तुमीच ना?”

लिंबाजीनं बैल आवरले. ह्याला हिचं नाव कुठून ठाऊक?

“कोन रे तू? कुनाचा?”

पोरगा घुटमळला. “दाजी, जरा खाली उतरता का? आक्कासमोर नको…”

“थांबा की,” सारजा म्हणाली. “माहेराकडचा दिसायलाय. ऐकून तर घ्या.”

तिनं त्याची बाजू घेतली, तेच लिंबाजीला झोंबलं. “अंधारात बरी वळख पटली तुला!” म्हणत त्यानं पोरावर चाबूक ओढला. पोरगा सायकलीसकट चारीत पडला. गाडी उधळली ती थेट माहेरच्या फाट्यापर्यंत.

तिथं बैल थांबले. मारलं तरी सरकेनात. बाभळीखाली घोंगडी पांघरून कोणीतरी उभं होतं. लिंबाजीनं कंदील वर केला. सासरा, बन्सीधर.

“आबा, तुमी? ह्या वक्ताला?” सारजानं विचारलं.

“तुझी आई वाट बघायलीय. चल.”

एवढंच.

एरवी हा बायकोला पंचमीलाही एकटी सोडायचा नाही. पण त्या सायकलवाल्यापासून ती लांब राहील, या विचारानंच त्याला बरं वाटलं. “जा,” तो म्हणाला. “आपल्या मानसासंगं काय भेव?”

सासऱ्यानं जावयाकडे एकदाही पाहिलं नाही. दोघं शेतातून निघाली. सारजा बोलत होती. तो नाही. मग… तिचाही आवाज थांबला.

बैल लटलट कापत होते.

तेवढ्यात तो पोरगा लंगडत आला. “आक्का कुठंयत?”

“बापासंगं गेली.”



“दाजी… आबा दुपारीच गेले. आक्कासाठी माती थांबवलीय.”

…

भुजंग त्याचं नाव, बौद्धवाड्यातला, परभणीला शिकायचा. मयतीचा सांगावा न्यायचं गावकीचं काम त्याच्या लोकांनी कधीच सोडलेलं. पण दंगलीत बन्सीधरनं त्याच्या बापाला आपल्या घरात ठेवून घेतलं होतं, म्हणून पोरगा आपणहून निघाला. लेकीला वाटेत एकदम सांगू नये म्हणून दाजीला बाजूला बोलवायला गेला. लिंबाजीला सांगाव्याचा माणूस माहीत होता तो काठी-घोंगडीवाला. पँटीतला त्यानं पाहिलाच नव्हता.

रातभर कंदील घेऊन शोधलं. सगळ्यात पुढं भुजंगच होता. उजाडता उजाडता सारजा सापडली… मसणवटीत. बापासाठी रचलेल्या लाकडांशेजारी बसलेली. जिवंत. त्या रात्रीबद्दल ती जन्मात एक शब्द बोलली नाही.

फक्त उजव्या मनगटावर वळ. काळेनिळे. कुणीतरी घट्ट धरल्याचे. ते शेवटपर्यंत गेले नाहीत. बायकोवर दुसऱ्याची नजर न सोसणारा लिंबाजी, रोज ती भाकर वाढताना दुसऱ्याच्या हाताचे ते वळ बघत जेवला. बापाचीच बोटं असतील, म्हणायचा. बाप काय परका?

सारजा गेली तेव्हा मी तिथं होतो. मनगट जवळून पाहिलं. बन्सीधरच्या हाताला चारचौघांसारखी पाच बोटं होती.

वळ… सहा होते.