त्या शनिवारी नाना कुठे होते

"हे वाक्य मी टाइप करणार नाही, नाना," उल्का म्हणाली आणि कीबोर्डवरचे हात उचलून तिने मांडीवर ठेवले.

नाना खिडकीपाशी आरामखुर्चीत बसले होते. काचबिंदूने दृष्टी गेली तसे ते लेकीकडे सिंगापूरला आले, आणि तेव्हापासून जुरोंग ईस्टच्या या फ्लॅटमध्ये रोज संध्याकाळी हेच चाले. उल्काने युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीतली नोकरी आटपून एमआरटी मेट्रोतून उभ्याउभ्याने घरी यायचं, कुकर लावायचा आणि नाना इंग्रजीत सांगतील ते टाइप करायचं. पुस्तक तरी कसलं, तर अमेरिकेच्या दक्षिणेतल्या एका कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचा इतिहास! नानांनी तिथे उभी हयात गणित शिकवलं होतं, आणि दर शनिवारी सामन्याचे आकडे टिपायला ते गॅलरीत सगळ्यांत वर जाऊन बसत.

उल्काला आता तो संघ पाठ झाला होता. गोरी विद्यापीठं या मुलांना दारात उभं करत नव्हती तेव्हा तो उभा राहिला. वाटेतल्या हॉटेलांत कुणी वाढणार नाही म्हणून मुलं बसमध्येच डबे खात, परगावी शाळेच्या हॉलमध्ये जमिनीवर झोपत, आणि तरी जिंकून येत... पुढे ती दारं उघडली, चांगली मुलं तिकडे निघून गेली आणि संघाला उतरती कळा लागली. ते टाइप करताना तिचाही जीव कळवळला होता. पण नानांना त्या परक्या मुलांच्या आजीचं नाव आठवे, आणि पुण्यात राहिलेली आपली लेक कितवीत असताना तिची आई आजारी पडली, ते मात्र आठवत नसे.

ती थकली होती. नवरा, विश्वास, बोटीवर चीफ इंजिनिअर. ऑफिसरांना बायकोला बरोबर नेता येतं. मूलबाळ नव्हतं, पूर्वी ती आनंदाने जाई. नाना आल्यापासून एकदाही गेली नव्हती. आज सकाळीच बंदरावरून त्याचा फोन आला होता, "रविवारी निघतोय. या वेळी चल ना." ती नेहमीसारखं म्हणाली, "नानांचं कोण बघणार?" तो वाद घालत बसला नाही. त्याने आता वाद घालणंच सोडलं होतं, आणि त्याचीच तिला धास्ती वाटत होती.

नानांना सालं आठवत ती प्रतिस्पर्ध्यांवरून. तारखा लावायचं काम उल्काचं. आज ते हंगामातल्या घरच्या शेवटच्या सामन्याबद्दल सांगत होते. त्या दिवशी शेवटच्या वर्षाची मुलं आईबापांच्या हातात हात घालून मैदानात येतात, अशी तिथली रीत. क्लेरन्स नावाच्या मुलाचं कुणीच उरलं नव्हतं. नाना म्हणाले, "लिही, त्या दिवशी त्याचा बाप म्हणून मी त्याच्याबरोबर चाललो." उल्काने सवयीने तारीख लावली... आणि तिचे हात थांबले.

"का नाही टाइप करणार?" नानांनी विचारलं.

"त्या शनिवारी पुण्यात माझं लग्न होतं, नाना. तुम्ही कळवलंत, रजा मिळत नाही. कन्यादान थोरल्या काकांनी केलं. मंगलाष्टकं संपेपर्यंत मी दाराकडे बघत होते..."

कुकरची शिट्टी झाली. कुणी उठलं नाही.

"रजा मिळाली होती," नाना खालच्या आवाजात म्हणाले. "तिकीटही काढलं होतं. मग दादाचा फोन आला. म्हणाला, ये, पण कन्यादान आम्ही दोघं नवराबायको करू. तू विधुर, तू मागे बस. दादापुढे मी कधी बोललो नाही. पण एकुलत्या एका लेकीच्या लग्नात पाहुण्यासारखा मागे कसा बसू, उल्का? मी आलोच नाही. आणि त्या शनिवारी त्या पोराने हात पुढे केला... तिथे मला कुणी विचारलं नाही, बायको आहे का म्हणून."

इतकी वर्षं उराशी धरलेला राग असा एका क्षणात जात नाही. उल्काचाही गेला नाही.

"बायकोच्या जागी कमरेला सुपारी लावून एकट्याने कन्यादान करता येतं, नाना. मी गुरुजींना सांगितलं असतं, काकांशी भांडले असते. तुम्ही त्यांचं ऐकलंत, मला विचारलंसुद्धा नाहीत."

"नाही विचारलं," नाना म्हणाले. "चुकलो मी, बाळ."

त्यांचा हात चाचपडत टेबलाच्या कडेशी आला. तिने तो धरला, आणि त्याच्यावर कपाळ टेकून ती रडली, अगदी दमल्या माणसासारखी, आवाज न करता.

जरा वेळाने नाना म्हणाले, "आता लिही. त्याच दिवशी माझ्या मुलीचं, उल्काचं, लग्न होतं. मी तिथे असायला हवं होतं."

"संघाच्या इतिहासात हे कशाला?"

"मी तिथे होतो हे लिहायचं, तर कुणाकडे पाठ फिरवून होतो तेही आलं पाहिजे."

त्या सगळ्या पानांत तिचं नाव कुठे नव्हतं. तिने ते टाइप केलं.

"आता मशीन बंद कर. रविवारी जा तू विश्वासबरोबर."

"ऑक्टोबरात विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याला पुस्तक हवंय ना?"

"मी कळवीन त्यांना, पुढच्या वर्षी. वरच्या मजल्यावरची नीता कधीची म्हणतेय, काका, तुमचं मी बघते. मीच नको म्हणत होतो. आणि खरं सांगू? हे पुस्तक केव्हाच संपलं असतं. संपलं की तू रोज अशी समोर बसणार नाहीस, म्हणून मीच लांबवत होतो..."

उल्काने बंदरावरचा नंबर फिरवला. विश्वास फोनवर येताच नाना म्हणाले, "मला दे."

रिसीव्हर कानाला लावून ते ताठ बसले.

"विश्वासराव, तेव्हा मी आलो नाही. आज माझी मुलगी मी तुमच्या हाती देतो आहे. घेऊन जा तिला."

पलीकडून विश्वास हळूच म्हणाला, "हो, नाना."